जीमॅटच्या मोफत अधिकृत मॉक: एकूण आकडा बाजूला ठेवा, तीन सेक्शनचा हिशोब मांडा

जीमॅट ही एमबीए प्रवेशासाठीची परीक्षा. तिच्या अधिकृत स्टार्टर किटमध्ये दोन पूर्ण मॉक, म्हणजे सराव परीक्षा, मोफत मिळतात, सोबत थोडे नमुना प्रश्न. एमबीए डॉट कॉमवर खातं उघडलं की झालं. तिसरीपासून सहावीपर्यंतच्या मॉक विकत घ्याव्या लागतात. परीक्षा घेणाऱ्या जीमॅकनेच त्या बनवल्या आहेत आणि स्कोअर काढायची रीतही खऱ्या परीक्षेसारखीच आहे. त्यामुळे आकड्यावर विसंबायचं असेल तर याच मॉकच्या. बाहेरच्या मॉक क्वांटच्या (गणित) सरावाला चालतात, पण व्हर्बलमधल्या (वाचन आणि तर्क) पर्यायांची ती बारीक घडण बाहेर क्वचितच साधते.

या किटचा खरा उपयोग कुठला सेक्शन किती मागे आहे हे कळण्यासाठी आहे. बहुतेक जण मात्र एकूण स्कोअर पाहून थांबतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आवडीचा विषय काढून बसतात.

हिशोब सोपा आहे. क्वांट, व्हर्बल आणि डेटा इनसाइट्स (तक्ते आणि माहितीवरून निष्कर्ष काढणं) या तिन्ही सेक्शनना प्रत्येकी ४५ मिनिटं आणि ६० ते ९० असे गुण. एकूण स्कोअर २०५ ते ८०५, आणि त्यात तिघांचं वजन सारखं. म्हणजे कुठल्याही सेक्शनमधला एक गुण एकूणात साधारण ६ ते ७ गुणांचा पडतो. क्वांट ८५, व्हर्बल ८४, डेटा इनसाइट्स ७६ ही एक मॉक आणि ८२, ८१, ८२ ही दुसरी, दोन्हींची बेरीज २४५. एकूण आकडा सारखाच दिसेल, पण पुढच्या महिन्याचा अभ्यास अगदी वेगळा. पहिल्या विद्यार्थ्याने क्वांट ८५ वरून ८८ वर न्यायला जेवढा घाम गाळावा लागेल, त्याच्या निम्म्यात डेटा इनसाइट्स ७६ वरून ७९ वर येतं. पर्सेंटाइलही (किती टक्के परीक्षार्थी तुमच्या मागे आहेत) बघा: तोच ८२ चा आकडा क्वांटमध्ये मध्यम-चांगला आणि डेटा इनसाइट्समध्ये फार वरचा ठरतो. म्हणून तिन्हीकडे सारखेच गुण हवेत असा हट्ट धरू नका.

मॉक चूक दाखवते, चुकीचं कारण तुम्हालाच शोधावं लागतं. वही करा, आणि प्रत्येक चुकीपुढे चारपैकी एक शेरा लिहा: संकल्पना येत नव्हती, वाचण्यात चूक, घाईत चूक, अंदाजाने मारला. अंदाजाने बरोबर आलेलेही लिहा, कारण पुढच्या वेळी तेच दगा देतात. ही वही डेटा इनसाइट्ससाठी सगळ्यात मोलाची, कारण तिथली चूक पुष्कळदा दुसऱ्याच सेक्शनची असते.

डेटा इनसाइट्समधल्या डेटा सफिशियन्सीचा एक नमुना घ्या; त्यात दिलेली विधानं उत्तरासाठी पुरेशी आहेत का एवढंच ठरवायचं असतं. प्रश्न: कंपनीची विक्री वजा खर्च ही रक्कम यंदा मागच्या वर्षीपेक्षा जास्त आहे का? विधान १: विक्री २० टक्के वाढली. विधान २: खर्च १० टक्के वाढला. बरेच जण दोन्ही विधानं मिळून पुरेशी आहेत असं ठोकून देतात. विक्री १०० आणि खर्च ८० धरला तर २० चे ३२ होतात, उत्तर ‘हो’. पण विक्री १०० आणि खर्च ३०० धरा: उणे २०० चे उणे २१० होतात, उत्तर ‘नाही’. म्हणजे दोन्ही मिळूनही माहिती अपुरी. इथे गणित कुणाचंच चुकलेलं नाही. कंपनी आधीपासून फायद्यात आहे हे कुणीही न सांगता गृहीत धरलं गेलं. व्हर्बलच्या क्रिटिकल रीझनिंगमध्ये (युक्तिवाद तपासायचे प्रश्न) न लिहिलेलं गृहीतक सुटतं ती चूक हीच. अशा चुका वहीत चार-पाच दिसल्या तर टक्केवारीची शंभर उदाहरणं सोडवून काही हाती लागणार नाही. रोज क्रिटिकल रीझनिंगचे ८ ते १० प्रश्न करा आणि प्रत्येकात गृहीतक आपल्या शब्दांत लिहून मगच पर्याय वाचा.

डेटा इनसाइट्समधल्याच टेबल आणि मल्टी-सोर्स (अनेक स्रोतांतली माहिती जुळवायच्या) प्रश्नांचा रोग निराळा. तिथे एका प्रश्नात पुष्कळदा दोन-तीन उपप्रश्न असतात आणि एक जरी चुकला तरी गुण शून्य, अर्धे गुण मिळत नाहीत. कॅल्क्युलेटर फक्त याच सेक्शनमध्ये मिळतो, आणि तो हाताशी आहे म्हणून अंदाजे काम भागेल तिथेही लोक दशांशापर्यंत आकडे काढत बसतात. वेळ तिथेच जातो.

वेळेचे टप्पे पाठ हवेत. क्वांटचे २१ प्रश्न आहेत, तेव्हा ७ झाल्यावर ३० मिनिटं आणि १४ झाल्यावर १५ मिनिटं उरली पाहिजेत. डेटा इनसाइट्सचे २० आहेत, दर ५ प्रश्नांना सव्वाअकरा मिनिटं. व्हर्बलच्या २३ पैकी १६ झाल्यावर पावणेचौदा मिनिटांच्या आसपास उरावीत. शेवटी प्रश्न रिकामे सोडले तर स्कोअरला जबर फटका बसतो, म्हणून तीन मिनिटं झाली की बुकमार्क करून, काहीतरी उत्तर देऊन पुढे जा. सेक्शनच्या शेवटी वेळ उरला तर मागे जाता येतं, पण उत्तरं बदलता येतात फक्त तीन. त्यामुळे दहा बुकमार्क करून काहीच साधत नाही.

आता आठवड्याची वाटणी. हाताशी १२ तास असतील तर सर्वांत मागे असलेल्या सेक्शनला ५, मधल्याला ३, सर्वांत पुढे असलेल्याला २ आणि उरलेले २ तास वहीतल्या चुका पुन्हा सोडवायला. पुढे असलेल्या सेक्शनचे ते २ तास कापायचा मोह फार होतो. व्हर्बल चांगलं आहे म्हणून महिनाभर फक्त क्वांट केलं की पुढच्या मॉकमध्ये व्हर्बल हमखास घसरलेलं दिसतं, कारण संकल्पना टिकते पण वाचण्याची लय मोडते. आठवड्यातून दोनदा, घड्याळ लावून, १० प्रश्नांचा संच एवढं केलं तरी ती लय टिकते.

पहिली मॉक कोऱ्या मनाने पहिल्याच दिवशी देऊन टाकू नका. दोन-तीन आठवडे पाया झाल्यावर द्या, नाहीतर प्रश्नप्रकार माहीत नसल्याने गेलेले गुण आणि खरी कमजोरी वेगळी काढता येत नाही. दुसरी परीक्षेच्या तीनेक आठवडे आधी. मधल्या काळात लक्ष्य मोठं असेल तर तिसरी आणि चौथी विकत घेण्यासारख्या आहेत. मोफत मॉक पुन्हा देता येतात, पण जुने प्रश्न पुन्हा येऊ शकतात आणि स्कोअर फुगतो. अशा वेळी आकडा वहीत लिहूच नका, फक्त वेळेचे टप्पे तपासा.

आणखी एक सावधगिरी. जुनी परीक्षा जानेवारी २०२४ अखेर बंद झाली, पण तिचं साहित्य अजून फिरतंय. भूमिती, सेंटेन्स करेक्शन (वाक्य सुधारणं) आणि निबंध आता नाहीत. ओळखायची खूण सोपी: जुन्या स्कोअरच्या शेवटी शून्य असतं, नव्याच्या शेवटी ५.

सेक्शनचा क्रम तुम्हीच निवडायचा असतो आणि मध्ये १० मिनिटांची एकच सुट्टी मिळते. दोन मॉकमध्ये दोन वेगळे क्रम लावून पाहा. डेटा इनसाइट्स शेवटी ठेवल्यावर त्यातल्या घाईच्या चुका वाढत असतील, तर ते पहिलं किंवा सुट्टीनंतर लगेच घ्या.