सुदानचं युद्ध, खुली उपग्रहचित्रं आणि एआय: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सुदानमधून येणाऱ्या क्लिप आणि उपग्रहचित्रं मी गेले आठ महिने रोज रात्री तास-दीड तास तपासतो आहे. एप्रिल २०२३ पासून तिथे सैन्य आणि आरएसएफ (रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल) यांच्यात युद्ध चालू आहे आणि वार्ताहरांना बऱ्याच भागांत पोचताच येत नाही. म्हणून हे काम मला मोलाचं वाटतं.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचं चित्र फुकट मिळतं. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. जळालेली वस्ती काळ्या डागासारखी दिसते, पण एकटी गाडी शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. पावसाळ्यात ढग आडवे येतात, तेव्हा ढगांपलीकडचं टिपणारा रडारवाला सेंटिनेल-१ उपयोगी पडतो. उपग्रहांवरून आगी टिपणारी नासाची फर्म्स सेवा उष्णतेचे ठिपके काही तासांत दाखवते. पण शेतात पेटवलेलं गवतही त्यात येतं, त्यामुळे नुसत्या ठिपक्यावरून ‘गाव जाळलं’ असं मी लिहीत नाही.

एआयनं माझा सगळ्यात जास्त वेळ वाचवला तो अरबी मजकुराचा ढोबळ अर्थ लावण्यात आणि एकच क्लिप दहा ठिकाणी फिरत असेल तर ती ओळखण्यात. ठिकाण ठरवताना मात्र त्यानं मला दोन रात्री चुकीच्या दिशेला फिरवलं. क्लिप खार्तूमची, जूनमधली, भर दुपारची. विजेच्या खांबाची सावली आखूड. चॅटबॉटनं ठामपणे सांगितलं की दुपारची सावली उत्तरेला पडते, म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेला. एकही इमारत जुळेना. मग लक्षात आलं, खार्तूम साडेपंधरा अक्षांशावर आहे. तिथे शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो तो दिवस, मे महिन्याच्या सुरुवातीलाच होऊन जातो आणि जूनमध्ये दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. सावली दक्षिणेला! दिशा उलटी केली आणि चार पायांची पाण्याची टाकी, तिच्यामागचा मिनार, कोपऱ्यावरचं वळण, सगळं दहा मिनिटांत जुळलं. तारीख आणि ठिकाणावरून सूर्याची दिशा दाखवणाऱ्या सनकॅल्क या साइटवर तारीख आधीच टाकायला हवी होती.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. ऐकून मजकूर उतरवणाऱ्या मॉडेलनं एका क्लिपमध्ये नुसत्या गोळीबारावर ‘पाहिल्याबद्दल आभार’ असं वाक्य घातलं. तिथे कोणीच बोललं नव्हतं. त्या जागी एखादा हुकूम लिहिला गेला असता तर कुणावर तरी खोटा आरोप झाला असता. तेव्हापासून प्रत्येक ओळ मी कानांनी ऐकतो आणि अरबी येणाऱ्या माणसाकडून तपासून घेतो.

मूळ फाइल आणि तिचा हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) लगेच जपून ठेवा. खुल्या डिजिटल पुराव्यांच्या तपासासाठीच्या २०२० च्या बर्कले प्रोटोकॉल या मार्गदर्शिकेतही जतनावर भर आहे, आणि क्लिप रातोरात उडवल्या जातात. लपलेल्या माणसांचं ठिकाण उघड होईल असं काही टाकू नका, कितीही खात्री असली तरी.

एक क्लिप तीन महिन्यांपासून ‘ठिकाण अनिश्चित’ या फोल्डरमध्ये आहे. चॅटबॉटनं तिच्यासाठी चार शहरं सुचवली. त्यातलं एकही मी नोंदवलेलं नाही.