मेल सर्व्हरचं बॅकअप सॉफ्टवेअर, काही महिने वापरल्यानंतर: एका सेटिंगवर सगळी भिस्त

रात्रीचा बॅकअप जॉब लाल झाला, म्हणजे फसला, त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत जे पाहिलं त्यावरून हे लिहितोय. मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर एक्स्चेंज २०१९, एकच सर्व्हर, डीएजी (डेटाबेसच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवणारी रचना) नाही. सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम देत नाही. इंटरफेस बरा, शेड्यूल बिनचूक, एखादी मेलबॉक्स परत आणणंही सोपं. मला बोलायचंय ते कन्सिस्टन्सी चेकबद्दल, म्हणजे बॅकअप घेताना डेटाबेस धड आहे का हे पाहणाऱ्या तपासणीबद्दल.

ही सेटिंग जॉबच्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात, आणखी एका टॅबच्या आत दडवलेली आहे, आणि मुळात बंद असते. नवा जॉब बनवला की पुन्हा बंद! विंडोज सर्व्हर बॅकअपसारखा फुकट मिळणारा पर्यायसुद्धा एक्स्चेंजची ही तपासणी स्वतःहून करतो. मग दरवर्षी लायसन्सचे पैसे मोजणाऱ्याने ती शोधत का बसायचं? चेक बंद असला की बॅकअप झटपट उरकतो आणि वेग छान दिसतो, याशिवाय मला तरी कारण दिसत नाही.

चेक चालू केला की स्नॅपशॉटमधल्या (त्या क्षणी टिपलेल्या प्रतीतल्या) ईडीबी फाइलचं, म्हणजे डेटाबेसच्या फाइलचं, ३२ केबीचं प्रत्येक पान वाचून चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळतो का ते पाहिलं जातं. याला वेळ लागतोच. सुरुवातीचे महिने मी यावर वैतागलेलो होतो. लोक कामाला लागले तरी जॉब चालूच. लायसन्सचं नूतनीकरण करायचं नाही, असं जवळपास ठरलंही होतं.

मग विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये ४७४ क्रमांकाची नोंद आली, एरर मायनस १०१८. डिस्कवरून वाचलेल्या पानाचा चेकसम जुळत नव्हता. गंमत म्हणजे एकाही वापरकर्त्याची तक्रार नव्हती. डेटाबेस माउंट (वापरासाठी जोडलेला) होता, आउटलुक सुरळीत चालू होतं. बिघडलेलं पान कुणी उघडतच नव्हतं आणि एक्स्चेंजचं स्वतःचं बॅकग्राउंड स्कॅनिंग अजून तिथवर पोचलं नव्हतं. चेक बंद असता तर तेच खराब पान बॅकअपमध्ये गेलं असतं, जॉब हिरवा दिसला असता, लॉग फाइली (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या) कापल्या गेल्या असत्या आणि काही दिवसांनी शेवटची चांगली प्रत रिटेन्शनमध्ये, म्हणजे जुन्या प्रती मुदतीनंतर आपोआप पुसल्या जाताना, उडाली असती.

इथे माझं मत पूर्ण फिरलं. चेक नापास झाला म्हणून सॉफ्टवेअरने बॅकअप यशस्वी धरला नाही, आणि लॉगला हात लावला नाही. एकेक एमबीच्या फाइली साचत राहिल्या, ड्राइव्ह भरत चालला. अशा वेळी हाताने लॉग उडवायचा किंवा सर्क्युलर लॉगिंग (जुने लॉग आपोआप पुसणारी सेटिंग) चालू करायचा मोह होतो. कृपा करून करू नका. शेवटच्या चांगल्या प्रतीनंतरचा तुमचा सगळा डेटा त्या लॉगमध्येच आहे.

सपोर्टला फोन केला तर पलीकडून पहिलाच सल्ला: "ईएसईयूटिल /पी चालवा, लगेच माउंट होईल." ईएसईयूटिल हे एक्स्चेंजचा डेटाबेस तपासायचं-दुरुस्त करायचं साधन, /पी ही त्यातली जबरी दुरुस्ती. मी साफ नकार दिला. /पी जे पान वाचता येत नाही ते टाकून देतं, त्यातला मजकूर गेला तो गेलाच. वर नंतर सगळ्या मेलबॉक्स नव्या डेटाबेसमध्ये हलवा. चांगली प्रत आणि सलग लॉग हाताशी असताना हा उपाय कशाला?

शेवटची चेक पास झालेली प्रत वेगळ्या स्टोरेजवर रिस्टोअर केली. त्याआधी डेटाबेस डिसमाउंट करून ईएसईयूटिलच्याच /एमएल ने लॉग तपासले. एकेक फाइलपुढे 'ओके' येत गेलं, मधली एकही गायब नव्हती. मग /आर ने ते लॉग रिस्टोअर केलेल्या प्रतीवर चढवले. लॉगमध्ये झालेल्या बदलांची नोंद असते, डिस्कवर बिघडलेलं पान त्यात येत नाही, त्यामुळे चांगल्या प्रतीवर ते पान नीट तयार झालं. डेटाबेसची स्थिती दाखवणाऱ्या /एमएच मध्ये 'क्लीन शटडाऊन' (नीट बंद झालेला, माउंट करण्याजोगा) दिसलं. एक मेल गेला नाही. इतका आनंद मला या कामात क्वचितच झालाय.

स्टोरेजवाल्यांशी भांडण वेगळंच. "डिस्क सगळ्या हिरव्या आहेत, सॉफ्टवेअरचा दोष" हे पालुपद चालू होतं. ४७४ च्या नोंदी एकाखाली एक लावून पाठवल्या, तेव्हा डिस्क चालवणारा कंट्रोलर बदलून मिळाला.

आणखी एक तक्रार राहतेच: अलर्टचा मेल याच मेल सर्व्हरवरून जातो. सर्व्हर पडला तर कळणार कसं? दुसरा मार्ग द्या, ही मागणी लेखी पाठवलीय.

नूतनीकरण मात्र केलं. दोन-तीन निरोगी प्रती असलेल्या डीएजीमध्ये खराब पान दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त होतं, तिथे चेक वगळला तर एक वेळ समजू शकतो. एकट्या सर्व्हरवर मात्र तो आजच चालू करा, आणि बॅकअप सकाळपर्यंत चालत असेल तर चालू द्या.