लाईव्ह रॉकवरून फुकट आलेली की-होल लिंपेट – ३ स्टार

समुद्री टँकसाठी लाईव्ह रॉक (बारीकसारीक जीव वस्तीला असलेला समुद्री दगड) मागवला होता, तो ठीकठाक आहे, कपारी भरपूर, कुजका वास नाही, त्याबद्दल एवढंच. रिव्ह्यू खरंतर त्याला चिकटून आलेल्या की-होल लिंपेटचा लिहायचाय, जी ऑर्डरमध्ये नव्हतीच.

नखाएवढी गोगलगाय, शंकूच्या आकाराचा शंख आणि शेंड्याला आरपार भोक. फुटका पीस आलाय समजून रिफंड मागायला जाऊ नका, ते असंच असतं. अगदी पिल्लू असताना शंखाच्या कडेला नुसती खाच असते, शंख वाढत जातो तशी ती खालून बंद होते आणि वर भोक उरतं. पाणी पुढून शंखाखाली शिरतं, दोन कल्ल्यांवरून जातं आणि घाण घेऊन वरच्या भोकातून बाहेर, म्हणजे चिमणीच झाली की! डिझाईनला पैकीच्या पैकी मार्क.

आता कामाचं. दिवसभर एका जागी चिकटून बसते, लाईट बंद झाले की फिरते आणि दातेरी जिभेने दगडावरचं खरवडत जाते. शेवाळाचा पातळ थर कमी झालेला दिसतो, पण काच साफ होईल या आशेवर राहू नका, त्यासाठी ट्रोकस नाहीतर टर्बो जातीच्या गोगलगायीच घ्या.

स्टार कापले ते खाण्यावरून. या कुळात शेवाळ खाणाऱ्या आहेत तशा स्पंज खाणाऱ्याही आहेत, डायोडोरा हा प्रकार त्यातलाच, आणि काही कोरल कुरतडतात अशी तक्रार रीफवाले, म्हणजे टँकमध्ये कोरल पाळणारे, करतात. एवढ्याशा पीसवरून जात ओळखणं अवघड, त्यामुळे विक्रेते सगळ्यांना सरसकट 'रीफ सेफ' (कोरलला धोका नसलेल्या) म्हणतात ते मला पटत नाही. माझ्याकडे मासे आणि दगडच आहेत म्हणून ठेवलीये, महागडे कोरल असते तर पहिल्याच रात्री वेगळी काढली असती.

बाकी प्राणी भारी आहे हां. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची डायोडोरा अॅस्पेरा तर तारामासा अंगाला लागला की आपली मऊ कातडी शंखावर ओढून घेते, मग त्याचे पाय तिच्यावर नीट चिकटतच नाहीत. माझ्या टँकमध्ये तारामासा नाही, त्यामुळे हिला असलं काही जमतं का कळायला मार्ग नाही.

काढायचीच असेल तर रात्री चालत असताना बाजूने अलगद सरकवा, घट्ट बसलेली ओढलीत तर पाय फाटतो. आणि माशांना तांब्याचं औषध द्यायचं असेल तर ते वेगळ्या टँकमध्ये द्या, गोगलगायी त्यात वाचत नाहीत.