चकमकीची हातउखळी, सात महिन्यांनंतर: पितळ खणखणीत, फ्रिझन मऊ

एक बारीक कानस घ्या आणि फ्रिझनच्या (गार जिच्यावर घासून ठिणगी पडते त्या पोलादी पट्टीच्या) तोंडावर, कोपऱ्यात, हलकेच ओढून बघा. पोलादाला पाणी नीट दिलेलं असेल तर कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. या हातउखळीच्या (हातात धरून उडवायच्या आखूड, रुंद तोंडाच्या तोफेच्या) फ्रिझनवर ती चावली आणि खाली चकचकीत कीस पडला. सात महिने, एकशे चाळीसेक बार आणि बऱ्याच गारा (चकमकीचे दगड) संपल्यावर हे कळलं. खोकं उघडल्याच्या दिवशी दोन मिनिटांत कळलं असतं, म्हणून आधी तेच सांगतो.

वापर कुठे आणि कसा, हेही सांगायला हवं. अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, जुन्या लष्करी पोशाखातल्या कार्यक्रमांमध्ये फक्त सलामीच्या रिकाम्या बारासाठी. गोळा नाही, बोळा नाही, गजाने ठासणं नाही. दारू नेहमी काळी, आधीच मापून कागदी पुडीत बांधलेली. पुडी हातउखळी बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेच्या आतली. दारू ठेवायच्या शिंगातून थेट नळीत दारू ओतायची नाही, कारण आत ठिणगी उरली असेल तर ज्योत शिंगापर्यंत येते. बिनधुराची दारू चिमूटभरसुद्धा चालत नाही, तिचा दाब ही नळी सोसणार नाही. १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये अशा चकमकीच्या प्रतिकृतींना सूट आहे, पण राज्याचे नियम वेगळे वाचावे लागतात. भारतात ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, तेव्हा वाचून कुणी इकडून मागवायला जाऊ नये.

पहिले दोन महिने कुलूप (चाप, घोडा आणि फ्रिझनची यंत्रणा) छान चाललं. मग दर चार-पाच बारांमागे एक फुसका. चाप ओढला की घोडा पडतो, फ्रिझन उघडतं, आणि रंजक (बार पेटवायची बाजूच्या दाणीतली चिमूटभर दारू) तशीच्या तशी. त्या वेळी पक्कं मत होतं की दोष गारेचा. सफोकमधल्या ब्रँडनची काळी गार लावली, फ्रान्सची मधाळ रंगाची लावली. चामड्याऐवजी शिशाची पट्टी गुंडाळून पाहिली. गारेची धार फ्रिझनला समांतर हवी आणि वरच्या तिसऱ्या भागात लागायला हवी, तेही तपासलं. प्रत्येक बदलानंतर दहा-बारा बार बरे जायचे आणि मग पुन्हा तेच.

ते मत आता पूर्ण मागे घेतो. नवी गार धारदार असते, ती मऊ पोलादालाही काही वेळ ओरबाडते, म्हणून फरक पडल्यासारखा वाटतो. चकमकीत ठिणगी दगडाची नसते, पोलादाची असते. गार पोलादाचा सूक्ष्म कण खरवडते आणि तो हवेत जळतो. पोलाद कडक आणि भरपूर कार्बनचं असेल तर कण बारीक निघतो आणि पांढरा-पिवळा जळत रंजकदाणीत पडतो. मऊ असेल तर लांबट कीस निघतो, लालसर दिसतो आणि वाटेतच विझतो. नळी आणि रंजकदाणी दोन्ही रिकामी असल्याची खात्री करून अंधाऱ्या खोलीत चाप ओढा, रंग डोळ्यांना दिसतो. या फ्रिझनच्या तोंडावर तर आडवे चरे पडले होते, नखाला लागतील इतके खोल.

विक्रेत्याचं उत्तर आधी ‘गार बदला’, मग ‘गार चुकीची बसवलीत’. कानशीच्या खुणेचे फोटो पाठवल्यावर ‘हमी सहा महिन्यांची होती’. तक्रारीचा पहिला मेल चौथ्या महिन्यातला होता, हे दाखवूनही उपयोग झाला नाही. याचा राग अजून गेलेला नाही. गारांवर गेलेल्या पैशांत दुरुस्ती झाली असती.

दुरुस्ती बंदुकीच्या कारागिराकडूनच करून घ्या. मूळ पोलादात कार्बनच कमी असेल तर तापवून तेलात बुडवून काही होत नाही. कार्बनची पूड लावून वरचा थर कडक करता येतो, पण तो पातळ असतो आणि एका हंगामात झिजतो. इथे फ्रिझनच्या तोंडावर कार्बनयुक्त पोलादाची पाणी दिलेली पट्टी कथलाच्या डाखाने आणि दोन रिव्हेटांनी बसवली. चांदीचा डाख टाळला, कारण त्या उष्णतेत पट्टीचं पाणी उतरतं. त्यानंतरच्या चाळीस बारांत दोनच फुसके, आणि दोन्ही वेळा काना (रंजकेची ज्योत नळीत नेणारं बारीक भोक) कोंडलेला होता.

कान्याची काळजी सोपी आहे: दर बारानंतर तारेची सुई फिरवायची. रंजक दाणीच्या तिसऱ्या भागापुरतीच घालायची आणि कान्यापासून बाजूला सारायची. कान्यात भरली तर ती वातीसारखी जळत आत जाते आणि बार उशिरा होतो. बार झाला नाही तर तोंड मोकळ्या मैदानाकडेच ठेवून पूर्ण मिनिट थांबायचं, आणि त्या वेळात कुणी पुढे जायचं नाही. कान्यातली ज्योत उजवीकडे हातभर जाते. म्हणून उजव्या बाजूला माणूस उभा करायचा नाही.

मस्केटवर (लांब नळीच्या ठासणीच्या बंदुकीवर) हात बसलेल्यांनी एक फरक नीट लक्षात घ्यावा. उखळीची नळी तोंडाशी रुंद असते आणि तळाशी दारूचं घर अरुंद. दोन्ही जिथे मिळतात तिथे आत कंगोरा असतो. जळता कागदाचा तुकडा नेमका त्या कंगोऱ्यामागे अडकतो, आणि नळीच्या मापाचा पुसायचा बोळा त्याच्यावरून नुसता फिरून येतो. त्यामुळे पुसायला दोन गज लागतात, एक रुंद आणि एक घराच्या मापाचा अरुंद. प्रत्येक बारानंतर ओला अरुंद बोळा, मग कोरडा, मगच पुढची पुडी. सोबत एकच रुंद गज येतो. या वस्तूतला खरा धोका फ्रिझनपेक्षा हाच आहे, आणि माहितीपत्रकात त्यावर एक ओळही नाही. नळी इतकी आखूड आहे की डावा हात नकळत पुढे सरकतो, म्हणून दस्त्यावर चामड्याचा पट्टा बांधून हाताची जागा ठरवून टाकली.

पितळाबद्दल मात्र तक्रार नाही. ओतकाम एकसंध, काना सरळ, दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड सुकवलेलं. त्याच दिवशी गरम पाणी आणि थेंबभर भांड्यांचा साबण, मग कोरडं फडकं, कुलुपाच्या पोलादाला तेल. जळलेल्या दारूची काजळी दमट हवेत पाणी ओढते, रात्रभर ठेवली तर सकाळी कुलपावर गंज दिसतो. अमोनिया असलेलं पॉलिश पितळी नळीला लावू नका, ताणाखालच्या पितळाला त्याने भेगा जातात.