सँडब्लास्ट गन की ग्राइंडर? जुन्या पद्मिनीचा गंज काढताना

माझी प्रीमियर पद्मिनी गाडी १९८४ची, कुर्ल्याला बनलेली, आणि तेव्हापासूनचे सगळे पावसाळे तिने रत्नागिरीत काढलेत. मॅटखाली काय असेल हे सांगायला ज्योतिषी नको. या गाडीला वेगळी चासी नाही. फ्लोअर आणि दाराखालच्या पट्ट्या हाच तिचा कणा, त्यामुळे वरवर रंग फासून भागत नाही. ग्राइंडर घरात होताच, हातात धरायची सँडब्लास्ट गन (कॉम्प्रेसरच्या हवेने बारीक कण पत्र्यावर मारणारी) नवीन आणली. दोन्ही वापरून झालं.

४ इंची ग्राइंडरला वायर कप लावला की सपाट पत्र्यावरचा गंज झपाट्याने निघतो. गोची खड्ड्यांत आहे. गंजाने पत्र्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पाडलेले असतात. तारा त्यांच्या तळाशी पोचत नाहीत, उलट तिथला गंज घासून चकचकीत करतात. पत्रा स्वच्छ वाटतो, पण उन्हात तिरका धरला की काळपट ठिपके तसेच दिसतात. पुढच्या मिरगाला रंगाखालून फुगे येतात ते तिथूनच. फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) तळातला गंजही काढते, पण सोबत चांगला पत्रा खाते, आणि पत्रा असतो जेमतेम मिलिमीटरभर. (तुटलेल्या तारा पँटीत घुसतात, चष्मा लावाच.)

गनच्या डब्यात किलोभर गार्नेट (कठीण खनिजाचे बारीक कण) भरून ट्रिगर दाबला की कण थेट खड्ड्याच्या तळावर आदळतात. बिजागऱ्या, बोल्टांभोवतीच्या खाचा, स्प्रिंगचे ब्रॅकेट, पत्र्यांचे जोड, जिथे वायर कप शिरतच नाही तिथे गनला तोड नाही. क्लचच्या पेडलखाली चालवली तेव्हा राखाडी, मऊसर दिसणारं लोखंड वर आलं आणि त्यात टाचणीच्या डोक्याएवढी तीन भोकं. खालचा उजेड आत येत होता. वाईट वाटलं, पण ग्राइंडरने तीच जागा ठणठणीत म्हणून दाखवली होती.

आता खरा खर्च. गन स्वस्त, तिची भूक महाग. ९० पाऊंड दाबाला तिला साधारण ८ ते १२ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते, २ एचपीचा कॉम्प्रेसर देतो ६-७. मिनिटभर दणका, मग टाकी भरेपर्यंत चहा. वर आपली दमट हवा. टाकीत पाणी साचतं, गार्नेटचे गोळे होतात, नोझल तुंबतं. वॉटर सेपरेटर नसेल तर पावसाळ्यात गन बाहेर काढूच नका.

आणि फुकट मिळते म्हणून किनाऱ्यावरची वाळू तर अजिबात भरू नका. तिच्यातलं मीठ पत्र्याच्या सांदीत जाऊन बसतं. त्याहून वाईट म्हणजे सिलिकाची बारीक धूळ. तिने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. गार्नेट किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरा, आणि तरीही रुमाल बांधून भागवू नका, धूळ अडवणाऱ्या कार्ट्रिजचा रेस्पिरेटर लावा.

बॉनेट, दारं, टप यांना गन लावू नये. कणांच्या माराने पत्रा एका बाजूने ताणला जातो, लाटा येतात, मग डेंटरकडे जाऊन लांबी (पुट्टी) भरत बसा. तिथे पॉलिश पेपर आणि फॉस्फरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर बरं. वेळ लागतो, पण पत्रा वाकत नाही.

३-४ एचपीचा कॉम्प्रेसर आधीच दारात असेल तर गन डोळे मिटून घ्या. गनसाठी म्हणून कॉम्प्रेसर घ्यायचा बेत असेल तर नको. सुटे होणारे भाग एमआयडीसीतल्या ब्लास्टिंगवाल्याकडे टाका, उरलेल्यावर ग्राइंडर आणि ॲसिड. जुनी जीप असेल तर चासी सोडवून तिकडेच न्या. अख्खी चासी हातातल्या गनने करणं म्हणजे तांब्याने विहीर उपसणं.

ब्लास्ट केलेला पत्रा मात्र फार हळवा. दमट दिवशी सकाळी साफ केलेल्या जागेवर संध्याकाळी केशरी झाक दिसते, बोट लागलं तर ठशाचाही गंज होतो. म्हणून मी एका वेळी वीतभरच जागा घेतो, हवेने फुंकतो आणि जेवायला बसण्याआधी इपॉक्सी प्रायमर मारतो. उजवीकडचा फ्लोअर असा चार रविवारांत झाला. डावीकडचा दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की.