विनोदी संहिता आधी कोणाला दाखवावी: नावाजलेल्या लेखकाला, मित्रांना की नटांना?

विनोदी मालिकेचा पहिला भाग लिहून झाला की हात शिवशिवतात. ज्याचं लिखाण पाहून आपण लिहू लागलो, त्यालाच पाठवावा असं वाटतं. माझी पहिली संहिता मी अशीच पाठवली होती. सगळी ३४ पानं आणि सोबत एकच ओळ, 'कशी वाटली, जरूर कळवा.' उत्तर आलं नाही, आणि त्याचं वाईट बरेच दिवस वाटत राहिलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय.

मुरलेला लेखक जे पाहतो ते दुसरं कोणी पाहत नाही, हे आधी मान्य करायला हवं. पान ९ वरचा विनोद चांगला आहे, पण त्या प्रवेशात कोणालाच काही हवं नाही, म्हणून प्रवेश जागचा हलत नाही, हे तो दोन मिनिटांत सांगतो. दोन पात्रं एकाच तोंडाने बोलताहेत, शेवटच्या कॉलबॅकची (आधीचा विनोद पुन्हा नव्याने आणण्याची) पेरणी मुळात झालेलीच नाही, हेही त्याला दिसतं. हसू येईल की नाही, हे मात्र तोही छातीठोकपणे सांगू शकत नाही. १९७४ साली बीबीसीतल्या एका संहिता संपादकाने 'फॉल्टी टॉवर्स' या हॉटेलात घडणाऱ्या ब्रिटिश विनोदी मालिकेची पहिली संहिता वाचून ती घासून गुळगुळीत झालेल्या पात्रांची आहे, साफ फसेल, असा शेरा मारला होता. १९७५ मध्ये मालिका आली. एकूण भाग अवघे १२, पण आजही नवे लेखक तिचा अभ्यास करतात. मला वाटतं, कागदावर फक्त तिरसट हॉटेलवाला दिसत होता. त्याची धावपळ, त्याचा वाढत जाणारा घाबरटपणा कागदावर दिसणं अवघडच.

शिवाय न मागता आलेली संहिता बरेच प्रस्थापित लेखक उघडतच नाहीत. उद्या त्यांच्या लिखाणात तशीच कल्पना आली, तर चोरीचा आळ यायचा. कॉपीराइट नुसत्या कल्पनेला नसतो, लिहिलेल्या मजकुराला असतो, हे खरं. पण आळ निस्तरण्यातच वर्षं जातात. म्हणून त्यांचं गप्प राहणं हा तुमच्या लिखाणावरचा निकाल समजू नका.

बरोबरीचे लिहिणारे मित्र पुन्हा पुन्हा वाचतात, हा त्यांचा मोठा आधार. पण तिसऱ्या वाचनापर्यंत त्यांना विनोद पाठ होतात. आणि 'इथे असं केलं तर?' म्हणत ते स्वतःचा विनोद सुचवू लागतात. विनोद कुठे पडतोय एवढंच त्यांच्याकडून घ्या, दुरुस्ती तुमची तुम्ही करा. पैसे घेऊन संहिता तपासणारेही असतात. ठरल्या वेळेत लेखी उत्तर मिळतं, मात्र त्या माणसाने स्वतः विनोदी लिहिलेलं कधी उभं राहिलंय का, हे आधी पाहून घ्या.

माझं झुकतं माप नटांच्या वाचनाला. चार-पाच जण टेबलाभोवती बसवा. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, तेव्हा ३० पानांना अर्धा तास पुरतो. तुम्ही स्वतः एकही भूमिका वाचू नका. हातात संहितेची प्रत आणि पेन्सिल. हशा आला तिथे बरोबरची खूण, नट अडखळला तिथे रेघ. आमच्या एका वाचनात हे वाक्य होतं: 'डॉक्टर म्हणाले, तुम्हाला काहीच झालेलं नाही, पण बिल मात्र झालेलं आहे.' कोणी हसलं नाही. 'बिल' ऐकू आलं, पण पुढचं 'मात्र झालेलं आहे' संपेपर्यंत हसण्याचा क्षण निघून गेला. वाचणाऱ्या नटानेच दुसऱ्या खेपेला आपसूक म्हटलं, 'तुम्हाला काही झालेलं नाही. झालंय ते बिल.' आणि हशा आला. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि पंचचा, म्हणजे ज्यावर हशा यायचा तो, शब्द त्याच्या आड दडतो. कितीही थोर लेखकाने मनात वाचलं तरी हे निसटू शकतं, कानाला मात्र लगेच कळतं.

अर्थात ऐकणारेही चुकतात. १९८९ मध्ये 'साइनफेल्ड' या अमेरिकी विनोदी मालिकेचा पहिला भाग प्रेक्षकांवर आजमावला, तेव्हा अहवालात शेरा आला होता: कमकुवत. एका वाचनात हशा आला नाही म्हणून संहिता फाडू नका. वेगळ्या माणसांसमोर पुन्हा वाचा. खुणा त्याच जागी पडल्या, तर मग ती जागा बदला.

तेव्हा पहिला खर्डा हातात असेल तर नट. तीन खर्डे झाले, हशाच्या जागा पक्क्या झाल्या आणि तरीही उत्तरार्ध का ढेपाळतोय हे कळत नसेल, तर नावाजलेला लेखक. पण संहिता जोडू नका, आधी परवानगी विचारा. त्यांनी होकार दिला तर दहा पानं पाठवा आणि प्रश्न एकच विचारा. मी दुसऱ्या वेळी असं लिहिलं होतं: 'दोन वाचनांत पान १७ नंतर हशा कमी झाला. नायकाला हवं ते फार लवकर मिळतंय, असा मला संशय आहे. तुम्हाला तसं वाटतं का?' आठवड्याभरात चार ओळींचं उत्तर आलं. लवकर मिळत नाहीये, त्यांनी लिहिलं होतं, त्याला काय हवंय तेच पान १७ ला बदलतंय.