अंधेरी ते गोरेगाव : चित्रपट पूर्ण करण्यासाठी या पट्ट्यात यावे का?

मराठी चित्रपटाचे चित्रीकरण आज महाराष्ट्रात कुठेही होते. वाईचे घाट आहेत, कोल्हापूरची चित्रनगरी आहे, कोकणातले वाडे आहेत. पण चित्रीकरण संपले की हार्ड डिस्कची पेटी घेऊन बहुतेक निर्माते मुंबईच्या पश्चिम उपनगरांची वाट धरतात. अंधेरी पश्चिम, वर्सोवा, ओशिवरा, जोगेश्वरी, गोरेगाव आणि मालाड असा हा पट्टा आहे. एका कमी खर्चाच्या मराठी चित्रपटाचे संकलनानंतरचे सगळे काम, म्हणजे डबिंग, फोली, ध्वनिमिश्रण, रंगसंस्कार (चित्राचे रंग व उजेड जुळवणे), थोडे व्हीएफएक्स (संगणकावर घडवलेली दृश्ये) आणि शेवटची डीसीपी (चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत), निर्मिती व्यवस्थापक या नात्याने मी याच भागात करून घेतले. त्या अनुभवावर हे परीक्षण आधारलेले आहे. ते एखाद्या स्टुडिओचे नसून संपूर्ण पट्ट्याचे आहे, कारण येथे निर्माता भाडे एका खोलीचे देत असला तरी त्याच्या कामी येतो तो त्या खोलीचा शेजार.

या शेजाराचा अर्थ एका प्रसंगातून स्पष्ट होईल. अंतिम मिश्रण चालू असताना एका महत्त्वाच्या वाक्यातला शब्द चित्रीकरणाच्या वेळच्या जनरेटरच्या घरघरीत बुडाला असल्याचे ध्वनिसंयोजकाच्या लक्षात आले. डबिंगच्या वेळी ते वाक्य मूळ ध्वनीवरच ठेवायचे ठरले होते. ज्या नटाचे ते वाक्य होते तो त्या संध्याकाळी यारी रोडजवळ दुसऱ्याच एका मालिकेचे डबिंग करत होता. निरोप गेला, त्याची शिफ्ट संपली, तो रिक्षाने आला, मिश्रणगृहाच्या बाजूच्या छोट्या खोलीत त्याने ते वाक्य तीन वेगवेगळ्या श्वासांत म्हणून दिले आणि त्यातले एक त्याच रात्री चित्रपटात बसले. हेच काम दुसऱ्या शहरात करायचे असते तर नटाच्या तारखा, प्रवास आणि मिश्रणगृहाचे पुन्हा आरक्षण यांत आठवडा गेला असता, किंवा निर्मात्याने ‘चालेल’ म्हणून ते वाक्य तसेच सोडून दिले असते. चांगली यंत्रे आता पुण्यातही मिळतात, हैदराबाद आणि चेन्नईत तर उत्तमच मिळतात. पण संवाद म्हणणारा, तो ध्वनिमुद्रित करणारा, त्याखाली पावलांचा आवाज भरणारा आणि या सगळ्याची पातळी ठरवणारा अशी चार माणसे अर्ध्या तासाच्या अंतरावर मराठी समजणारी मिळणे, हे मला अन्यत्र कुठेही आढळलेले नाही.

ही माणसे एकाच जागी गोळा होण्यामागे नव्वद वर्षांचा इतिहास आहे. हिमांशु राय आणि देविका राणी यांची बॉम्बे टॉकीज १९३४ मध्ये मालाडला उभी राहिली. तिच्यातून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९४३ मध्ये गोरेगावला फिल्मिस्तान सुरू केले. पुढे राज्य शासनाने १९७७ मध्ये गोरेगाव पूर्वेला चित्रनगरी उभारली, जिला आज दादासाहेब फाळके यांचे नाव आहे. स्टुडिओच्या आसपास तंत्रज्ञ राहू लागले आणि तंत्रज्ञ राहतात म्हणून नवे स्टुडिओ येऊ लागले. १९९२ नंतर खासगी वाहिन्या आल्या तेव्हा या परिसराची चाल खऱ्या अर्थाने बदलली, कारण चित्रपट वर्षा-दोन वर्षांनी पूर्ण होतो, मालिकेचा भाग मात्र रोज जावा लागतो. रोजच्या भागाला रोज संकलन, रोज पार्श्वसंगीत, रोज मिश्रण लागते. या रतिबाने शेकडो लहान खोल्या जगवल्या आणि त्यांत हजारो हात तयार झाले. आज मराठी चित्रपटाला परवडणाऱ्या दरात जो अनुभवी संकलक मिळतो, त्याचा हात बहुतेक वेळा मालिकांवर बसलेला असतो. मालिकांना नावे ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे.

संगणक क्षेत्राचीही येथे जुनी मुळे आहेत. अंधेरी पूर्वेला इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी सीप्झ हे औद्योगिक क्षेत्र १९७३ मध्येच सुरू झाले होते. प्राइम फोकस या कंपनीची मुळे मुंबईतल्या एका गॅरेजमधल्या संकलनाच्या सेवेत आहेत; ती १९९७ मध्ये उभी राहिली आणि २०१४ मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्हशी एकत्र आली. आज तिची डीएनईजी ही कंपनी जगभरातल्या मोठ्या चित्रपटांचे व्हीएफएक्स करते. फारसे बोलले जात नाही असे आणखी एक बलस्थान वर्सोव्याच्या किनाऱ्यावर आहे. भारतात समुद्राखालून येणाऱ्या आंतरराष्ट्रीय फायबर केबलपैकी बऱ्याच तेथे जमिनीवर येतात आणि देशाच्या इंटरनेटचा मोठा भाग या एवढ्याशा किनाऱ्यावरून आत शिरतो. केबल जवळ आहे म्हणून गल्लीतल्या स्टुडिओला आपोआप वेग मिळत नाही, तो भाड्याच्या लीज्ड लाइनवरच, म्हणजे स्वतंत्र इंटरनेट जोडणीवरच, अवलंबून असतो; पण अशी लाइन देणाऱ्या कंपन्यांना येथे मोठे गिऱ्हाईक आहे आणि परदेशी काम घेणाऱ्या स्टुडिओंना रोज मोठ्या आकाराच्या फाइल पाठवाव्या लागत असल्याने ती व्यवस्था पक्की झालेली आहे.

सेवांपैकी सर्वाधिक समाधान मला फोलीने दिले, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. फोली म्हणजे पडद्यावरच्या पात्रांची पावले, कपड्यांची सळसळ, भांड्यांचे आवाज हे सगळे चित्र पाहत नव्याने वाजवून ध्वनिमुद्रित करणे. ज्या खोलीत आमचे काम झाले तेथे जमिनीत चौकोनी कप्पे होते आणि त्यांत शहाबादी फरशी, लाकडी फळी, वाळू, मुरूम आणि वाळलेला पाला असे वेगवेगळे पृष्ठभाग होते. आमच्या चित्रपटातला म्हातारा कोल्हापुरी वहाणा घालतो. फोली कलाकाराने प्रथम साध्या चामडी चपलांनी आवाज दिला. तो वाईट नव्हता, पण पाऊल उचलताना येणारी कोल्हापुरीची करकर त्यात नव्हती. मग त्यांनी आतल्या कपाटातून एक जुना जोड काढला, मुरूम थोडा ओला केला आणि म्हाताऱ्याचा डावा पाय किंचित ओढत पडतो हे दोन वेळा चित्र पाहून हेरून तसेच चालून दाखवले. नऊवारीतल्या बाईच्या चालण्याला त्यांनी जाड सुती कापड हातात चुरगाळून साथ दिली आणि बांगड्या काचेच्या घ्यायच्या की पाटल्यांचा जड आवाज द्यायचा, हे पात्राच्या घरची परिस्थिती विचारून ठरवले. असे प्रश्न विचारणारा कारागीर भेटला की निर्मात्याचे पैसे वसूल होतात.

या कामाचा व्यावहारिक लाभही मोठा आहे. फोली पूर्ण केली असेल तर संवाद वगळून केवळ संगीत आणि इतर आवाजांचा स्वतंत्र माग (ट्रॅक) देता येतो आणि चित्रपट पुढे दुसऱ्या भाषेत डब करायचा झाल्यास तोच माग लागतो. ओटीटी मंच तो सहसा मागतात. पैसे वाचवण्यासाठी फोली गाळणारे निर्माते पुढची विक्री आपल्या हाताने अवघड करून ठेवतात.

रंगसंस्काराला, म्हणजे येथल्या बोलीत डीआयला, येथे सर्व थरांच्या सोयी आहेत. प्रोजेक्टर असलेल्या खोलीचा दर मॉनिटरवर काम होणाऱ्या खोलीपेक्षा बराच जास्त असतो. माझे मत असे की संपूर्ण काम मॉनिटरवर करावे आणि शेवटची तपासणी मात्र कोणत्याही परिस्थितीत मोठ्या पडद्यावर करावी. आमच्या चित्रपटात संध्याकाळच्या ज्वारीच्या शेताचे एक दृश्य आहे. मॉनिटरवर त्यातली सावली समृद्ध दिसत होती, पडद्यावर तीच सावली नायिकेचा चेहरा गिळून टाकत होती. रंगसंस्कार करणाऱ्याने केवळ चेहऱ्यापुरता उजेड उचलला, पण शेताचा अंधार कायम ठेवला. डीसीपी करताना रंगांची मोजपट्टी बदलते आणि प्रत्येक चौकट (फ्रेम) जेपीईजी २००० या स्वरूपात जाते, त्यामुळे मूळ चित्रीकरण सेकंदाला २५ चौकटींनी झाले असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगावे. डीसीपी सर्वसाधारणपणे २४ चौकटींची होते आणि हा फरक शेवटी उघड झाला तर ध्वनीही पुन्हा जुळवावा लागतो.

गोरेगावच्या चित्रनगरीविषयी मात्र माझे मत संमिश्र आहे. सुमारे ५२० एकरांचा हा परिसर हैदराबादच्या रामोजी फिल्मसिटीपुढे लहान आहे आणि बाहेरगावच्या चमूसाठी एकाच आवारात सगळे मिळण्याची तेथली सोय येथे नाही. मात्र आरे वसाहत आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान यांना लागून असल्याने गर्द झाडी, तलाव, देऊळ आणि खेड्यासारखी वळणे मुंबईतच मिळतात. झाडीबरोबर बिबटेही येतात, तेव्हा रात्रीच्या चित्रीकरणात युनिटने सूचना गांभीर्याने पाळाव्यात. जून ते सप्टेंबर बाहेरचे चित्रीकरण ठरवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. लहान मराठी निर्मात्याला माझा सल्ला असा की चित्रीकरण गावाकडे करावे आणि या पट्ट्यात नंतरच्या कामासाठीच यावे.

तक्रारी आहेत आणि त्या लहान नाहीत. पहिली दरांविषयी आहे. एका डबिंग स्टुडिओने शिफ्टचा दर सांगताना ध्वनिमुद्रकाचे मानधन त्यात धरलेले असल्याचा आमचा समज होऊ दिला आणि बिलात ते वेगळे लावले. याला काही ठिकाणी रीतच मानले जाते. म्हणून शिफ्ट किती तासांची, जेवणाची सुटी तिच्यात धरली आहे का, ध्वनिमुद्रक व सहायक दरात आहेत का, दुरुस्तीच्या किती फेऱ्या मिळतील आणि जीएसटी वेगळा आहे का, एवढे लेखी घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. दुसरी तक्रार अशी की मोठे हिंदी काम आले की मराठी चित्रपटाची तारीख मागे ढकलली जाते. ती ढकलताना आवाजात दिलगिरी असते, पण प्रदर्शनाची तारीख दिलगिरीने पुढे जात नाही. सेन्सॉरच्या अर्जाला लागणारा वेळ धरून मिश्रणाची तारीख ठरवावी आणि विलंबाची भरपाई करारात लिहून घ्यावी.

प्रवासाच्या बाबतीत मात्र परिस्थिती सुधारली आहे. लिंक रोडवर संध्याकाळी रिक्षात बसून राहण्याचा जाच अजून संपलेला नाही, तरी घाटकोपर-वर्सोवा मेट्रो २०१४ मध्ये आणि अंधेरी पश्चिम-दहिसर मार्ग २०२२-२३ मध्ये सुरू झाल्याने ओशिवरा, गोरेगाव, मालाड येथल्या स्टुडिओंमध्ये वेळेवर पोहोचणे शक्य झाले आहे. बाहेरगावच्या माणसाने डी. एन. नगरच्या आसपास मुक्काम करावा, कारण तेथे दोन्ही मार्ग भेटतात.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती या माणसांच्या भवितव्याची. पहाटेपर्यंत चालणाऱ्या शिफ्ट, काम संपल्यावर महिनोन् महिने थकलेले मानधन आणि घरभाडे वाढत गेल्याने वसई-विरारपर्यंत हटलेली घरे हे सहायकांचे रोजचे जगणे आहे. व्हीएफएक्समध्ये परदेशी कामावर किती भिस्त आहे, हे टेक्निकलर ही फ्रेंच कंपनी २०२५ च्या फेब्रुवारीत कोसळली आणि तिच्या भारतातल्या शाखांतील हजारो कलाकारांचे काम गेले तेव्हा दिसले. त्याच वर्षी मुंबईत भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था सुरू झाली, तिचे कायमचे संकुल चित्रनगरीत व्हायचे आहे आणि महाराष्ट्र शासनाने ॲनिमेशन, व्हीएफएक्स व गेमिंगसाठी धोरणही मंजूर केले. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु शिकून बाहेर पडणाऱ्या मुलीला तिची पहिली शिफ्ट ज्या वेळी संपेल त्या वेळी सुरक्षित घरी पोहोचता येईल का आणि तिचे पैसे महिन्याच्या आत मिळतील का, या प्रश्नांवर या उद्योगाची परीक्षा व्हायला हवी.

जागेचा प्रश्नही तितकाच कठीण आहे. जमिनीचे भाव असे आहेत की स्टुडिओ चालवण्यापेक्षा तो विकणे मालकाला फायद्याचे ठरते. नटांच्या चाचण्या आणि छोटी नाट्यगृहे यांनी गजबजलेल्या वर्सोव्याच्या आराम नगरवरही पुनर्विकासाची टांगती तलवार आहे. ज्या सान्निध्याचे मी वर कौतुक केले ते स्वस्त आणि ओबडधोबड खोल्यांमुळेच टिकून आहे. त्या जागी काचेच्या इमारती आल्या तर मोठ्या कंपन्या राहतील आणि एकट्याने काम करणारा फोली कलाकार जाईल.

तरीही आजच्या घडीला माझी शिफारस स्पष्ट आहे. ज्यांचा चित्रपट संवादप्रधान आहे, ज्यांना ध्वनी मनाजोगता हवा आहे आणि ज्यांना दुसऱ्या भाषांत वा ओटीटीवर जायचे आहे त्यांनी ध्वनीचे सगळे काम येथेच करावे. संकलन आपल्या गावी करून आणले तरी चालते, किंबहुना तेच बरे. माहितीपटाला येथे येण्याची गरज केवळ मिश्रण आणि रंगाच्या शेवटच्या तपासणीपुरती आहे. काम संपल्यावर शेवटचा हप्ता देण्यापूर्वी डीसीपीबरोबर संवाद, संगीत आणि इतर आवाज यांचे सुटे माग, संगीत-आवाजांचा संवादविरहित माग, रंगसंस्कार झालेली मूळ प्रत आणि प्रकल्पाच्या फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ताब्यात घ्याव्यात आणि त्या तेथेच, स्टुडिओच्या संगणकावर उघडून पाहाव्यात. बहुतेक स्टुडिओ जागेअभावी काही महिन्यांनी जुने काम पुसतात.